पिवळा दिवा आणि पहिला सिलिंडर

अक्कलकोटहून परतताना गाडी हिसके द्यायला लागली. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला उभी केली तर अख्खी थरथरत होती, आणि इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन उघडावं लागेल." मी गाडी घरी आणली.

भाच्याकडे ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) होता. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला, इग्निशन चालू केलं, मोबाईलवर टॉर्क ॲप जोडलं. (आयफोनवाल्यांनी वायफायचा घ्यावा, हे साधे ब्लूटूथवाले बहुधा जुळत नाहीत.) कोड आला: पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. पण का, ते कोड सांगत नाही. ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज देणारी कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, काहीही असू शकतं. नुसता कोड पुसून खूश होणारे बरेच असतात.

इंजिन थंड झाल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि होटगी रोडला चक्कर मारली. आता पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर! दोष कॉइलसोबत सरकला होता. नवी कॉइल बसवली, थरथर गेली. दिवा लुकलुकत असेल तर मात्र अशी चक्करही मारू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.