कमी बजेटचा गेमिंग पीसी: प्रोसेसरवर किती, ग्राफिक्स कार्डावर किती

बजेट ठरलं की बहुतेक जण आधी प्रोसेसर निवडतात आणि उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड घेतात. क्रम उलटा हवा, आणि कार्डाच्याही आधी मॉनिटर ठरायला हवा. त्याचं रिझोल्यूशन (पडद्यावरचे पिक्सेल) किती आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं) किती, या दोन आकड्यांवर पुढची सगळी वाटणी अवलंबून असते.

गेममधली प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, दोन हातांतून जाते. प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, कॅमेऱ्यासमोर काय काय दिसणार. मग तो कार्डाला आज्ञा पाठवतो आणि कार्ड पिक्सेल रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही. ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या वेगाने गेम चालतो.

आकडे घालून बघा. समजा १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) वर एका गेममध्ये प्रोसेसरला फ्रेममागे ९ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १४. सेकंदाला साधारण ७१ फ्रेम मिळतील. आता दुप्पट वेगाचं, ७ मिलिसेकंदांत काम उरकणारं कार्ड लावलं, तर १४२ फ्रेम मिळायला हव्यात असं वाटतं. मिळतात १११, कारण आता प्रोसेसरचे ९ मिलिसेकंद आड येतात. म्हणजे नव्या कार्डावरचा बराच पैसा नुसता पडून राहिला. पण हाच पीसी १४४०पी (२५६० बाय १४४०) मॉनिटरला जोडला की पिक्सेल १.७८ पट होतात. कार्डाचा वेळ ७ वरून ११-१२ मिलिसेकंदांवर जातो, प्रोसेसरचा मात्र ९ च्या आसपासच राहतो, कारण त्याला रिझोल्यूशनशी फारसं घेणंदेणं नसतं. तीच जोडी आता कार्डाच्या बाजूने अडते आणि कार्ड पूर्ण वापरलं जातं. म्हणून ‘अमुक प्रोसेसर तमुक कार्डाला पुरेल का’ या प्रश्नाला मॉनिटर आणि गेम सांगितल्याशिवाय उत्तर नसतं.

आधी लक्ष्य, मग वाटणी

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर फक्त ६.९. पहिल्या बाबतीत साध्या प्रोसेसरलाही भरपूर उसंत असते. दुसऱ्या बाबतीत तोच धापा टाकतो.

मॉनिटर सोडून बाकी सगळ्याचे १०० भाग धरले, तर १०८०पी वर मोठे, देखणे गेम खेळणाऱ्यासाठी आम्ही अशी सुरुवात करू: ग्राफिक्स कार्ड ३८, प्रोसेसर १७, मदरबोर्ड ११, रॅम १०, पॉवर सप्लाय ९, एसएसडी ८, कॅबिनेट ७. कार्डाची किंमत प्रोसेसरच्या दुपटीच्या थोडी पुढे, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. रॅम आणि एसएसडीचे भाव अधूनमधून उसळतात. तेव्हा आधी कॅबिनेट आणि मदरबोर्डाला कात्री लावा, पॉवर सप्लायला नको.

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक गेम १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वर खेळायचे असतील तर कार्डाचे सात-आठ भाग प्रोसेसर आणि रॅमकडे वळवा. हे गेम कार्डावर फार भार टाकत नाहीत, प्रोसेसरला मात्र पळवतात. सिटीज: स्कायलाइन्स २ सारख्या, हजारो पात्रांचा हिशेब ठेवणाऱ्या गेमनाही हेच लागू. १४४०पी घेतलात तर उलट करा, प्रोसेसर तोच ठेवून कार्ड वाढवा.

प्रोसेसर: कुठे थांबायचं

आजच्या गेमसाठी ६ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणकभाग), १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं) ही आमच्या मते खालची रेषा. एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ हे या गटातले भरवशाचे. ४ कोअर, ८ थ्रेडचा कोअर आय३ १२१००एफ ६० फ्रेमच्या लक्ष्याला बऱ्याच गेममध्ये पुरतो, पण गर्दीच्या दृश्यांत फ्रेम अडखळतात. ८ कोअरसाठी कार्डाची पायरी खाली आणायची गरज नाही. गेममध्ये त्या जादा दोन कोअरचा फायदा फार थोडा.

नावाला फसू नका. रायझन ५ ५५०० आणि ५६०० दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेडचे, आणि किमतीत फरकही कमी. पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२. गेमला सतत लागणारी माहिती कॅशमध्ये मावली नाही की प्रोसेसरला प्रत्येक वेळी रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि तिथेच मिलिसेकंद वाया जातात. शिवाय ५५०० ला पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड जोडणारा मार्ग) ३.० च मिळतं, ५६०० ला दुप्पट वेगाचं ४.०. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या ५६००जी ची गोष्टही तीच: १६ एमबी कॅश, पीसीआयई ३.०. वेगळं कार्ड लावणारच असाल तर जी मॉडेलवर पैसे घालू नका.

इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं. कार्ड नंतर घेऊ म्हणून असा पीसी जोडला तर स्क्रीनवर काहीच उमटणार नाही.

कार्ड: व्हीरॅम आणि लेन

नव्या गेमसाठी ८ जीबी व्हीरॅमच्या (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या) खाली उतरू नका. व्हीरॅम संपली की टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) सिस्टीमच्या रॅममधून पीसीआयई मार्गाने ये-जा करू लागतात, आणि चित्र मध्येच थबकतं. पुष्कळ जण याला प्रोसेसरचा दोष समजून प्रोसेसर बदलतात, आणि थबकणं तसंच राहतं.

आरएक्स ६५०० एक्सटी या बाबतीत दोन्हीकडून मार खातं. ४ जीबी व्हीरॅम, आणि पीसीआयईच्या फक्त ४ लेन (समांतर वाटा). बी४५० सारखा ३.० चा मदरबोर्ड किंवा ५५०० सारखा प्रोसेसर असला की त्या ४ लेनचा वेगही निम्मा होतो, म्हणजे मेमरी भरल्यावर पळवाट म्हणून असलेला रस्ताच अरुंद. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० मध्ये ८ लेन आणि ८ जीबी आहे. व्हीरॅम पुरेशी असेपर्यंत ३.० वर त्यांचं नुकसान थोडंच होतं.

आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली ८ जीबी आणि ६ जीबी अशी कार्डं आहेत. ६ जीबीवाल्यात मेमरीबरोबर कोअरही कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४. इंटेलच्या आर्क कार्डांना रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच. तो बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करता येत नसेल, किंवा प्रोसेसर जुना असेल, तर ती कार्डं टाळा. त्यांचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून बरंच काम करून घेतो.

रॅम हा प्रोसेसरच्याच खर्चाचा भाग समजा

१६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. एकाच पट्टीवर मेमरीची बँडविड्थ निम्मी राहते आणि चांगला प्रोसेसरही मंदावतो. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डाच्या पुस्तिकेत तपासून घ्या. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. ते राहिलं तर ३२०० ची डीडीआर४ रॅम बरेचदा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

वीज हा या वर्गात मोठा प्रश्न नाही. आरएक्स ६६०० ची मर्यादा १३२ वॅट, ४०६० ची ११५, ५६०० चा टीडीपी (ढोबळ वीजवापर) ६५. चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरून उरतो.

जोडल्यावर तपासा, आणि मगच पुढचा खर्च ठरवा

मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट पूर्ण निवडलाय ना, हे आधी बघा. मग एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर लावून गेममध्येच कार्डाचा वापर, व्हीरॅम, फ्रेमचा वेळ आणि १ टक्का लो (सर्वात मंद १ टक्का फ्रेमचा वेग) हे आकडे दिसतील असं करा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर आकडे दिशाभूल करतील.

कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर पीसी व्यवस्थित आहे. ६०-७० वर घुटमळत असेल आणि तरीही फ्रेम कमी असतील, तर प्रोसेसर अडवतोय. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नका. १२ थ्रेडपैकी एकच थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८ टक्के दिसतो, आणि गेमचा मुख्य थ्रेड नेमका तोच असू शकतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२०पी वर आणा. फ्रेम झपाट्याने वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं; जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर.

डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र बनवून ते मोठं करणारी तंत्रं) १०८०पी वर ‘क्वालिटी’ला ठेवलं की गेम आतून १२८० बाय ७२० वर चालतो. म्हणजे कार्डाचा भार उतरतो आणि अडचण प्रोसेसरकडे सरकते. प्रोसेसर आधीच अडवत असेल तर याने फ्रेम वाढत नाहीत. फ्रेम जनरेशनने (मधेमधे कृत्रिम फ्रेम घालण्याने) आकडा वाढलेला दिसतो, पण माउस हलवल्यापासून स्क्रीनवर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही.

प्रोसेसर अडवत असताना टेक्स्चर कमी करण्यात अर्थ नाही. गर्दीची घनता, दृश्याचं अंतर, सावल्या आणि रे ट्रेसिंग खाली आणा. यांचा भार प्रोसेसरवरही पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर फ्रेमची मर्यादा १ टक्का लोच्या थोडी वर बांधा. सरासरी ९० आणि १ टक्का लो ५८ असलेल्या गेमला ६० वर बांधलं की तो मोकळा सोडल्यापेक्षा कितीतरी सलग चालतो, आणि नवीन प्रोसेसरचा खर्च पुढे ढकलता येतो. तो खर्च करायची वेळ आली आणि तुमचा बोर्ड एएम४ (एएमडी प्रोसेसर बसवायचं एक सॉकेट) चा असेल, तर बायोस अद्ययावत करून त्याच बोर्डावर ९६ एमबी एल३ कॅशचा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो का ते उत्पादकाच्या यादीत बघा. बोर्ड आणि रॅम दोन्ही वाचतात.