मोजक्या प्रतींचं आत्मकथनपर कलापुस्तक घेताना

चित्रकारांनी स्वतः छापून बांधलेली पुस्तकं बडोद्यात जमवायची असतील, तर सयाजीराव विद्यापीठाच्या १९५० साली सुरू झालेल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतल्या प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे छापचित्रं शिकणाऱ्या, मुलांकडे आधी बघा. करणारा समोर भेटतो, आणि अशा पुस्तकात ते फार मोलाचं.

पुस्तक हातात आलं की शेवटचं पान उघडा. पेन्सिलीने ‘७/२५’ लिहिलेलं असेल, तर ती पंचवीसपैकी सातवी प्रत. ‘ए.पी.’ म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, मोजणीबाहेर कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली. तशा किती काढल्या, तेही विचारा.

आत्मकथनपर पुस्तकात पुष्कळदा सुटे कागद असतात: आईचं पत्र, दवाखान्याची चिठ्ठी, जुना फोटो. एक जरी हरवला तरी प्रत अपुरी. म्हणून घेतानाच कलाकाराबरोबर बसून त्यांची यादी करा, क्रमाने फोटो काढा, यादीवर सही घ्या. कोणती पानं इतरांना दाखवलेली चालतील, हेही तेव्हाच ठरवा. कुणाच्या तरी घरातलं दुखणं त्यात असतं. आल्यागेल्यासमोर ते सरसकट उलगडू नये, असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात पुस्तक ॲसिडमुक्त कागदात गुंडाळून, भिंतीपासून दूर, आडवं ठेवा. फाटलं तरी सेलोटेप नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. कसर लागली का ते अधूनमधून बघा, विशेषतः बांधणीच्या कडेला, कारण तिथली खळ तिला आवडते.