एआय साहाय्यकाकडून टीमचे नियम पाळून घेताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल आणि चादरीच्या कारखानदारांसाठी बिल, साठा आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका लहान टीममध्ये मी पदवीनंतर रुजू झाले, तेव्हा कोड लिहिण्यासाठी एआय साहाय्यक वापरण्याची मुभा मला पहिल्याच दिवशी मिळाली. टीमचे कोडिंगचे नियम नऊ पानांच्या एका दस्तऐवजात होते. तो दस्तऐवज मी वाचला होता. पण माझ्या वतीने कोड लिहिणाऱ्या साहाय्यकाने तो वाचलेला नाही, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी माझ्यासारखे पहिले काही महिने वाया न घालवता पुढे जावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यावा अशी टीमला केलेली विनंती, बिलाची एकूण रक्कम काढण्याची होती. कोड चालत होता, टेस्टही उत्तीर्ण होत होत्या, तरी रिव्ह्यू, म्हणजे कोडची तपासणी, करणाऱ्या मॅडमनी ती परत पाठवली, कारण साहाय्यकाने सगळ्या रकमा फ्लोट या अपूर्णांक साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात ठेवल्या होत्या. आम्ही वापरतो त्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फ्लोटने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते, कारण हे दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत. राज्यांतर्गत विक्रीच्या बिलात जीएसटीचे केंद्र आणि राज्य असे दोन समान भाग पडतात आणि प्रत्येक भाग वेगळा पूर्णांकित होतो, तेव्हा अशा सूक्ष्म चुकीतून एका पैशाचा फरक उभा राहू शकतो. तो फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण कारखान्यातील मुनीम ताळा जुळेपर्यंत उठत नाहीत.

साहाय्यक कामाआधी जी सूचनांची फाईल वाचतो, तिच्यात मी ओळ लिहिली : ‘रकमांसाठी डेसिमल वापरा.’ डेसिमल हा दशांश संख्या नेमक्या साठवणारा पायथनचा प्रकार आहे. पुढच्या वेळी त्याने डेसिमल वापरले खरे, पण आत थेट फ्लोटच दिला. डेसिमलला ०.१ हा फ्लोट दिला की फ्लोटमधील चूक जशीच्या तशी डेसिमलमध्ये उतरते. ती टाळायची तर संख्या मजकूर म्हणून, म्हणजे अवतरणचिन्हांत, द्यावी लागते. पूर्णांकनाचेही तसेच झाले. पायथन ३ मधील राउंड हे फंक्शन २.५ चे उत्तर २ देते, कारण नेमक्या अर्ध्यावर ते जवळच्या सम संख्येकडे वळते, आणि आमच्या ग्राहकांच्या हिशेबात अर्धा नेहमी वर जातो. नियमाचे शब्द पाळले गेले होते. त्यामागचा हेतू मात्र मी कुठेच लिहिलेला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक नियमासोबत एका वाक्यात कारण लिहिते आणि खाली चुकीचा व बरोबर अशा कोडच्या दोन ओळी देते. सूचना लिहिण्याच्या बाबतीत मला याहून उपयुक्त सवय सापडलेली नाही.

त्यानंतर घाईने मी संपूर्ण नऊ पाने त्या फाईलमध्ये चिकटवली. परिणाम असा झाला की काही नियम पाळले जात, काही सुटत, आणि कोणते सुटतील याचा अंदाज बांधता येत नसे. साहाय्यक एका वेळी जेवढा मजकूर विचारात घेऊ शकतो, त्या कॉन्टेक्स्ट विंडोला मर्यादा असते. त्याच जागेत आपला कोड, आपले संभाषण आणि आपले नियम असे सगळे सामावावे लागते. त्यामुळे ‘कोड स्वच्छ असावा’, ‘नावे अर्थपूर्ण असावीत’ अशी वाक्ये निव्वळ जागा अडवतात, कारण ती वाचून कोणीही आपले वागणे बदलत नाही. संभाषण फार लांबले की सुरुवातीच्या सूचनांचा प्रभावही कमी होतो, म्हणून दर नव्या कामासाठी मी नवे सत्र उघडते.

आणखी एक कारण मला बरेच उशिरा कळले. साहाय्यक आपल्या सूचनांइतकेच, कधी कधी त्याहून जास्त, शेजारच्या कोडचे अनुकरण करतो. आमच्या जुन्या फाईलींत फ्लोटच्या शेकडो ओळी होत्या. नियम एक सांगत होता आणि डोळ्यांसमोरचे उदाहरण दुसरेच. यावर उपाय म्हणून आम्ही एक नमुना फाईल निश्चित केली आणि ‘बिलासंबंधी नवा कोड लिहिताना याच फाईलची रचना अनुसरा, जुन्या फोल्डरातील कोडची नको’ असे स्पष्ट लिहिले. त्यानंतर रिव्ह्यूमधील शेरे झपाट्याने कमी झाले.

या सूचना कुठे लिहायच्या, याचे उत्तर साधनागणिक वेगळे आहे. गिटहब कोपायलट ‘.गिटहब’ फोल्डरातील कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स ही फाईल वाचतो, क्लॉड कोड प्रकल्पातील क्लॉड डॉट एमडी वाचतो, कर्सरमध्ये नियमांचे वेगळे फोल्डर असते, आणि अनेक साधनांना एजंट्स डॉट एमडी ही सामाईक फाईल समजते. टीममध्ये दोन साधने वापरात असतील, तर नियम एकाच ठिकाणी ठेवून दुसऱ्या फाईलमधून तिकडे बोट दाखवावे. दोन प्रती ठेवल्या की त्यांच्यात फरक पडणारच.

पण माझे खरे म्हणणे याच्या पुढचे आहे. सूचनांची फाईल ही विनंती असते. आमच्या गावात जकार्ड या नक्षीच्या मागावर चादर विणताना नक्षी विणकराच्या स्मरणावर सोडलेली नसते. ती पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर पाडलेल्या छिद्रांत असते, आणि छिद्र जिथे आहे तिथेच धागा उचलला जातो. कोडमधला जो नियम यंत्राला तपासता येतो, तो अशाच पक्क्या जागी असावा. पायथनची पीईपी ८ ही शैलीपुस्तिका २००१ सालची आहे. ती ओळीची लांबी ७९ अक्षरे सांगते, तर ब्लॅक हा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्राम, मूळ सेटिंगमध्ये ८८ अक्षरे धरतो. यांपैकी काय पाळायचे हे साहाय्यकाला शब्दांत समजावत बसण्याऐवजी फॉरमॅटर चालवला की प्रश्न तिथेच मिटतो. आम्ही रफ हा लिंटर (कोडमधील नियमभंग शोधणारा प्रोग्राम) आणि मायपाय हा टाइप तपासनीस (मजकुराच्या जागी संख्या अशा प्रकारांच्या गल्लती शोधणारा) कमिटपूर्वी, म्हणजे बदल नोंदवण्यापूर्वी, आपोआप चालतील अशी व्यवस्था केली, आणि तीच तपासणी सर्व्हरवरही ठेवली, कारण स्वतःच्या संगणकावरची तपासणी कोणीही वगळू शकतो.

रफमध्ये एखाद्या मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या तयार भागाच्या, थेट वापरावर बंदी घालून सोबत आपला संदेश लिहिता येतो. आम्ही डेसिमलची थेट आयात बंद केली आणि संदेश लिहिला : ‘रकमेसाठी आपले रक्कम मॉड्यूल वापरा; पूर्णांकनाची पद्धत तिथेच ठरलेली आहे.’ जो साहाय्यक स्वतः तपासणी चालवू शकतो, तो हा संदेश वाचतो आणि आपली चूक स्वतःच सुधारतो. नऊ पानांतील सूचना त्याला चूक होण्याच्या क्षणी आठवेलच असे नाही. हा संदेश मात्र नेमका त्याच क्षणी त्याच्यासमोर येतो.

इथे एक धोका आहे आणि तो नवख्यांनी गंभीरपणे घ्यावा. तपासणी अडली की साहाय्यक कधी कधी मूळ चूक सुधारण्याऐवजी त्या ओळीवर ‘नोक्यूए’ (ही ओळ तपासू नका, अशी खूण) लिहून लिंटरला गप्प करतो, किंवा टेस्टमधील अपेक्षित उत्तरच बदलतो. म्हणून नियमाचा क्रमांक न देता सरसकट लिहिलेला नोक्यूए आमच्याकडे नामंजूर होतो, आणि लिंटरच्या सेटिंगच्या फाईलींत बदल केला तर कोडओनर्स या फाईलनिहाय जबाबदारांच्या यादीत नोंदवलेल्या ज्येष्ठांची मंजुरी लागते. पुल रिक्वेस्ट पाहताना मी आधी टेस्टच्या फाईलींतील फरक वाचते, मग कोड.

यंत्राला जे तपासता येत नाही, त्यात सर्वांत मोलाचा ठरला तो आमचा शब्दसंग्रह. कारखान्यात ‘गाठ’, ‘नग’, ‘डझन’ या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. साहाय्यकाने मात्र एकाच गाठीसाठी तीन फाईलींत बंडल, पॅकेज आणि बेल अशी तीन नावे योजली होती. आम्ही पंचवीस-तीस शब्दांची यादी केली, प्रत्येकासमोर कोडमध्ये वापरायचे एकच नाव लिहिले, आणि काही शब्द नक्की करण्यासाठी मी एका कारखान्यातील मुनीमकाकांकडे जाऊन बसले. ते घरी तेलुगू बोलतात, हिशेब मराठीत सांगतात आणि बिल इंग्रजीत छापतात; कोणता शब्द कुठे येतो हे त्यांच्याइतके नेमके मला कोणी सांगितले नसते. त्याच यादीखाली आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते आणि बिलावर रक्कम १,००,००० अशी छापायची, हेही लिहिले. पायथनची नेहमीची स्वल्पविराम-पद्धत तीच रक्कम १००,००० अशी दाखवते.

आता स्वतःच्या शिकण्याविषयी. दुसऱ्या रिव्ह्यूच्या वेळी मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “हे असं का लिहिलंस?” आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ती ओळ मी लिहिलेली नव्हती आणि नीट वाचलेलीही नव्हती. त्या दिवसानंतर तीन आठवडे मी नवा कोड हाताने लिहिला आणि साहाय्यकाला फक्त शंका विचारल्या. नियम मला स्वतःला कळलेला नसेल, तर तो मोडला गेल्याचेही मला दिसत नाही. रिव्ह्यूमधील प्रत्येक शेरा मी वहीत उतरवत असे. तोच शेरा दुसऱ्यांदा आला की तो लिंटरमध्ये घालता येईल का हे पाहायचे, आणि येत नसेल तरच सूचनांच्या फाईलमध्ये लिहायचे. ही वही मी आजही ठेवते, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने ठेवायला सांगते.

आमची सूचनांची फाईल आता दीड पानाची आहे. दर महिन्याला आम्ही ती वाचतो आणि ज्या नियमाची तपासणी यंत्राकडे गेली, ती ओळ फाईलमधून काढून टाकतो. डेटाबेसची रचना बदलणाऱ्या मायग्रेशन फाईली मात्र अजून कोणत्याही तपासणीवर सोडलेल्या नाहीत. साहाय्यकाने लिहिलेली अशी फाईल ग्राहकाच्या सर्व्हरवर चालवण्यापूर्वी दोघेजण शेजारी बसून ती ओळीओळीने वाचतात, आणि तोपर्यंत ती मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नाही.