सहकुटुंब परदेशवारी: बॅग भरण्याआधी

आधी सगळ्यांचे पासपोर्ट एका जागी आणा आणि मुदत बघा. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांच्या आधी संपते, आणि हे कळतं बहुधा तिकिटं काढून झाल्यावर. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, तिथून निघायच्या तारखेनंतरही पासपोर्ट किमान ३ महिने चालायला हवा आणि १० वर्षांच्या आत काढलेला हवा. व्हिसाचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

मग बंद दिवस. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. रोमला व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून उन्हाळ्यातही प्रत्येकाची एक ओढणी किंवा पातळ शर्ट पाठीवरच्या पिशवीत असू द्या. आयफेल टॉवरचं तिकीट आधीच काढा. जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. मुलं धावत चढतील, आजोबा मागे राहणार नाही म्हणतील, आणि मधल्या सगळ्यांचे गुडघे बोलू लागतील. लिफ्टचंच काढा.

खरी तयारी पायांची. नवे बूट घालून निघू नका, महिनाभर आधी वापरायला काढा. दिवसाला एकच मोठं ठिकाण ठरवा, माझा यावर फार जीव आहे. संग्रहालयात बाबा प्रत्येक चित्राखालची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, धाकटी पहिल्याच दालनात बाक शोधते, आई तोवर स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे ते विचारून आलेली असते, आणि थोरला फोटो काढता काढता भलत्याच गटामागून निघून जातो. म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच ठरवा, आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. मोबाइल बंद पडला तरी कागद चालतो.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात ती चालत नाही. रोजची औषधंही हातातल्याच बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. प्लगचा अडॅप्टर देशाप्रमाणे बदलतो, ब्रिटनचा फ्रान्समध्ये बसत नाही. एकाऐवजी दोन घ्या, नाहीतर रात्री चार्जिंगवरून घरातच तह करावा लागेल.

बॅगा भरून झाल्या की प्रत्येकाने आपली स्वतः उचलून जिना चढून दाखवायची. जी उचलवत नाही ती पुन्हा उघडायची.