आर्चरफिश पाळताना या चुका टाळा : खानदेशातल्या उन्हाळ्याचा आणि मिठाचा हिशेब

आर्चरफिश, म्हणजे तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा मासा, नाजूक नाही. खाडीत भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारेपणा रोज बदलतो आणि हा मासा तिथेच वाढतो, त्यामुळे थोडीफार चूक तो पोटात घालतो. तरीही जळगाव, धुळे, नंदुरबारकडे त्याला पहिला उन्हाळा जड जातो. बहुतेक वेळा मिठाचा हिशेब चुकलेला असतो, आणि मोजलेलंच नसल्यामुळे तो चुकलाय हेही कळत नाही.

खाली जे आकडे आहेत ते 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच टँकचे आहेत. पाणी 15 इंचांपर्यंतच भरायचं. म्हणजे साधारण 210 लिटर पाणी आणि वर 9 इंच मोकळी जागा. ही जागा रिकामी दिसते म्हणून काठोकाठ टँक भरणं हीच पहिली चूक. माशाला पाण्याबाहेर नेम धरायला आणि उडी मारायला जागा लागते.

"आमच्या बोअरचं पाणी मचूळच आहे, मीठ कशाला?"

हे वाक्य फार ऐकू येतं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 1500 असेल तर पिताना ते मचूळ लागतं, पण त्यात लिटरमागे दीड ग्रॅमच क्षार असतात, आणि त्यातही चुना-मॅग्नेशियमचे जास्त. आर्चरफिशला विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत खारं पाणी किती जड, तो आकडा; गोडं पाणी म्हणजे 1.000) 1.005 ते 1.010 लागतं. 1.005 साठीसुद्धा लिटरमागे जवळपास 8 ग्रॅम समुद्री मीठ पडतं. तेव्हा बोअरचा मचूळपणा कुठेच पुरत नाही. त्याचा जडपणा मात्र कामाचा आहे. या माशाला जड, 7.5 ते 8.2 पीएचचं पाणी मानवतं. टँक भरायला आरओचं पाणी वापरून हा फुकटचा फायदा घालवू नका. शेतीपट्ट्यातलं बोअर असेल तर नायट्रेटची चाचणी मात्र आधी करून घ्या. खतांचं नायट्रेट पाण्यात आधीच असेल तर कितीही पाणी बदललं तरी टँकमधलं नायट्रेट त्याखाली जात नाही.

मीठ म्हणजे मरीन टँकसाठी मिळतं ते सिंथेटिक सी सॉल्ट. खडा मीठ, जनावरांचं मीठ किंवा दुकानातलं "ॲक्वेरियम सॉल्ट" हे सगळं मुख्यतः सोडियम क्लोराईड. पाणी खारट होतं, पण पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात नसतात. सुरतेकडून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणण्याचा उद्योगही करू नका. किनाऱ्याजवळचं पाणी किती घाण आहे ते कॅनमध्ये दिसत नाही.

210 लिटरसाठी 1.7 किलो मीठ लागेल. ते एकदम टाकायचं नाही. दुकानात मासा बहुधा गोड्या पाण्यात ठेवलेला असतो (आणताना विचारून घ्या), आणि तुमच्या फिल्टरमधले जिवाणूही गोड्या पाण्यातलेच असतात. मासा एकवेळ झटका सोसेल, जिवाणू सोसत नाहीत. ते मेले की माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढतो. म्हणून दर आठवड्याला साधारण 570 ग्रॅम, असं तीन आठवड्यांत 1.005 वर या. मासे मोठे झाले की पुढे याच चालीने 1.008 पर्यंत. मीठ बादलीत, क्लोरीन काढलेल्या पाण्यात, हवेचा पंप लावून रात्रभर विरघळवायचं. कोरडं मीठ थेट टँकमध्ये टाकलं तर खडे तळाशी बसतात आणि माशाच्या अंगाला लागले तर भाजल्यासारखा चट्टा उठतो.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) घ्या आणि दर महिन्याला बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने त्याचा शून्य जुळवा. टीडीएसचा पेन इथे कामाचा नाही. तो गोड्या पाण्यासाठी असतो, आणि बहुतेक पेन 9990 च्या पुढे दाखवतच नाहीत.

उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही

या टँकचा पृष्ठभाग सुमारे 122 बाय 46 सेंटिमीटर आहे. पातळी 1 सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेपाच लिटर पाणी गेलं. एप्रिल-मेमध्ये, पारा 44-45 वर आणि हवा कोरडी असताना, आठवड्याला 4 सेंटिमीटर उतरलं तर 22 लिटर. ही तूट मिठाचं पाणी घालून भरली तर दर आठवड्याला 180 ग्रॅम मीठ जास्तीचं पडतं. पाणी न बदलता असं आठ आठवडे केलं तर जवळपास दीड किलो, म्हणजे टँकमधलं एकूण मीठ सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट. मासा काळवंडतो, खाणं सोडतो, आणि आपण औषधाची बाटली शोधत बसतो.

म्हणून काचेवर मार्करने रेघ मारा. उडालेलं पाणी भरायला गोडं पाणीच, आणि तेही शक्यतो आरओचं. बोअरचं पाणी भरत राहिलात तर मीठ वाढत नाही, पण चुना साठत जातो. काचेवर पांढरा थर आणि हीटरवर कवच दिसलं की तेच समजा. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना: आठवड्याला 50 लिटर काढायचं आणि 400 ग्रॅम मीठ विरघळवलेलं 50 लिटर घालायचं. आधी गोड्या पाण्याने रेघेपर्यंत भरा, मग बदला. हा क्रम उलटा झाला की हिशेब पुन्हा बिघडतो.

नळाला चार दिवसांनी पाणी येतं तिथे ड्रम भरून ठेवावाच लागतो. ब्लीचिंग पावडरचा वास येत असला तर दिवसभर हवा सोडा किंवा अँटीक्लोरीन टाका.

गरम पाणी आणि गेलेली लाइट

28 अंश हे बरं तापमान, 30-31 चालतं. 33 च्या पुढे प्राणवायू कमी पडतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. शिवाय अशा जास्त पीएचच्या पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. जी चूक मऊ पाण्यात खपून जाते ती इथे खपत नाही.

बर्फाच्या बाटल्या टाकून दुपारी 4 अंश उतरवायचे आणि रात्री पुन्हा चढू द्यायचे, हे 33 अंशांपेक्षा वाईट. त्यापेक्षा पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो 2 ते 4 अंश सहज उतरवतो (बाष्पीभवन वाढतं, ते रेघेवर दिसेलच). जुलैत हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग संपतो. थंडीत पहाटे पारा 10 च्या खाली जातो तेव्हा 200 वॅटचा हीटर हवा.

लाइट गेली की हवेचा पंप इन्व्हर्टरवर असायला हवा. पाच-सहा वॅटचं काम आहे, त्याच्यावर स्पंज फिल्टरही चालतो. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा) चार-पाच तास बंद राहिला तर थेट सुरू करू नका. आत साचलेलं कुजकं पाणी आधी बाहेर ओता.

खाण्याच्या चुका

आर्चरफिश पृष्ठभागावर खातो. तळाला गेलेला दाणा तो सहसा उचलत नाही, तो तिथे कुजतो. तरंगणाऱ्या गोळ्या द्या, सोबत रातकिडे, गव्हाच्या कोंड्यात पाळलेले मीलवर्म, बारीक कापलेली कोळंबी. सुका जवळा खारवलेला असेल तर धुऊन घ्या. मोठ्या माशाला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

शेतातले नाकतोडे देऊ नका. कपाशीवर किंवा केळीवर कालच फवारणी झाली असेल तर तो नाकतोडा म्हणजे विषाची गोळी. घरातलं झुरळही तसंच, कोणी कुठे फवारलंय सांगता येत नाही. झुरळ-डासांच्या स्प्रेमधली पायरेथ्रॉइड औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. स्प्रे मारायचाच तर टँक झाका, हवेचा पंप बंद करा आणि खोली हवेशीर झाल्यावरच चालू करा. पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो हे लोक विसरतात.

"पिचकारी मारतच नाही" ही तक्रार आजारात धरू नका. पोट भरलेला किंवा नवा आलेला मासा मारत नाही. टाळू आणि जीभ मिळून नळी होते, कल्ले झटक्यात मिटतात, आणि पाणी मीटरभर सहज जातं. पण ही मेहनत तो गरज असली तरच करतो. आठवड्यातून दोनदा काचेवर पाण्यापासून 15-20 सेंटिमीटर वर किडा चिकटवा. एकाने मारलं की बाकीचे शिकतात.

संगत, झाकण, वायर

एक किंवा दोन मासे आणू नका. दोघांत मोठा धाकट्याला खाऊच देत नाही. सारख्या मापाचे चार-पाच आणा. 12 सेंटिमीटरपर्यंत हा टँक पुरतो, 20 सेंटिमीटरच्या माशांना 6 बाय 2 फूट लागतो. गप्पी-मॉलीची पिल्लं सोबत ठेवलीत तर ती खाद्यच झाली. मोनो किंवा स्कॅट हे खाडीतलेच मासे चालतात, पण त्यांना टँक आणखी मोठा लागतो.

झाकणाला कोंबड्यांच्या खुराड्याची गॅल्व्हनाइज्ड जाळी लावू नका. खाऱ्या थेंबांनी ती गंजते आणि जस्त पाण्यात उतरतं. नायलॉनची जाळी फ्रेमवर ताणून बसवा. दिवा एलईडी, पाण्यापासून सुरक्षित. मासा चमकत्या वस्तूवर नेम धरतो आणि तापलेल्या हॅलोजनवर पाणी पडलं की काच तडकते. एक्स्टेंशन बोर्ड टँकच्या पातळीला ठेवू नका. वायर आधी खाली लोंबू द्या, मग प्लगकडे वर न्या. सर्किटवर ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) असलाच पाहिजे.

मासा असं करतोय, तर आधी काय बघायचं

सतत वर असतो : हे त्याचं रोजचंच. कल्ले भराभर हलत असतील आणि सगळेच फिल्टरच्या धारेपाशी जमले असतील तरच तापमान आणि अमोनिया बघा.

रंग काळपट : आधी रिफ्रॅक्टोमीटर, मग मारामारी. एकच मासा काळा असेल तर तो दबलाय, सगळे असतील तर दोष पाण्यात.

खातो तरी पोट खपाटीला : पकडून आणलेल्या माशात पोटातले जंत नेहमीचे. नवे मासे महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवा आणि जंताचं औषध तिथेच द्या, मुख्य टँकमध्ये नाही.

डोळा धुरकट : एकच डोळा असेल तर आपटल्याचं. दोन्ही असतील तर त्याच दिवशी 50 लिटर पाणी बदला आणि नायट्रेट तपासा.