सांगलीच्या हवेत ऑर्किड वाढवताना

रोपवाटिकेतून हौसेने आणलेले फुललेले ऑर्किड सांगली-मिरजेकडच्या घरांत वर्षभरही टिकत नाही आणि दोष उन्हाला दिला जातो. माझ्या पाहण्यातली बहुतेक रोपे मात्र जास्तीच्या पाण्याने मुळे कुजून गेली आहेत. माझे पहिले फॅलेनॉप्सिस जातीचे ऑर्किडही असेच गेले. काळ्या मातीत शेणखत मिसळून मी ते लावले, तुळशीसारखे रोज पाणी घातले, आणि दीड महिन्यात त्याचा बुंधा बोटाला मऊ लागू लागला.

फांदीवर वाढणारे ऑर्किड हे बांडगूळ नव्हे. ते झाडाचा रस शोषत नाही, केवळ आधार घेते. त्याच्या उघड्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते, जे पावसाचे पाणी झटकन टिपून घेते आणि नंतर वाऱ्यावर सुकते. त्यामुळे अशा रोपांना माती अजिबात नको. भरपूर भोके असलेल्या कुंडीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. सोडण आधी दोन-तीन दिवस भिजवून, तांबूस पाणी निघायचे थांबेपर्यंत पाणी बदलत राहावे.

पाणी केव्हा द्यायचे, हे कॅलेंडर न पाहता मुळांकडे पाहून ठरवावे. मूळ रुपेरी-पांढरे दिसले तर रोपाला तहान लागली आहे. हिरवे असेल तर त्या दिवशी झारीला हात लावू नये. पाणी सकाळी द्यावे आणि फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात साचलेला थेंब कापसाने टिपून घ्यावा, कारण तेथूनच शेंडा कुजतो. आपल्याकडच्या अनेक बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने कोळशावर पांढरी पुटे चढतात, म्हणून पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचे पाणी साठवलेले उत्तम.

जागा पूर्वेकडच्या गॅलरीची निवडावी. डेंड्रोबियम या कांड्यांच्या ऑर्किडला 50 टक्के, तर फॅलेनॉप्सिसला 75 टक्के ऊन अडवणारे शेडनेट (सावलीची जाळी) पुरते. पाने गर्द हिरवी पडली तर उजेड कमी आहे, पिवळट झाली तर जास्त. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पसरट ताटात खडे व पाणी घालून, कुंडीचा तळ पाण्याला टेकणार नाही अशा बेताने ती खड्यांवर ठेवावी.

खतासाठी वेगळा खर्च नको. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना परिचित असलेले 19:19:19 (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत) चालते, मात्र बागेचे प्रमाण विसरून लिटरला अर्धा ग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच द्यावे. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी.

नवख्याने डेंड्रोबियमपासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. कारण फॅलेनॉप्सिसचा फुलदांडा येण्यासाठी काही आठवडे रात्री गारवा लागतो, जो येथे नोव्हेंबरनंतर मिळतो. कास किंवा चांदोलीच्या रानातून सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड उपटून आणण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. संरक्षित रानातून रोप काढणे गुन्हा तर आहेच, शिवाय घाटातल्या दमट हवेला सरावलेले ते रोप सांगलीच्या गॅलरीत तगणे अवघड असते. डेंड्रोबियमची पाने झडलेली कांडी वाळली समजून कापू नये. ती टणक व हिरवट असेपर्यंत तिच्यातला साठा नव्या कोंबाला मिळत असतो, आणि कधीकधी तिच्याच पेरातून फुले येतात.