डिजिटल टाइमस्टॅम्प: या चुका टाळा

पीडीएफवर डीएससीने (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटने) सही केली की चौकटीत तारीख-वेळ उमटते. नागपुरातल्या कितीतरी ऑफिसांत यालाच टाइमस्टॅम्प समजतात. ती वेळ तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळाची असते आणि ते घड्याळ कोणीही मागे-पुढे करू शकतं. खरा टाइमस्टॅम्प त्रयस्थाकडून येतो. तुमचं सॉफ्टवेअर फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, जणू फाइलचा अंगठ्याचा ठसा) पाठवतं, टाइमस्टॅम्पिंग अथॉरिटी त्याला आपल्या घड्याळाची वेळ जोडून सही करते आणि ते सही केलेलं उत्तर, म्हणजे टाइमस्टॅम्प टोकन, तुमच्या फाइलमध्ये बसतं. आपल्याकडे सीसीएचा (कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज या सरकारी नियंत्रकाचा) परवाना असलेल्या सर्टिफाइंग अथॉरिटी ही सेवा देतात. कोर्टात जाऊ शकेल असा कागद असेल तर मी तिथूनच घेतो, कुठल्याशा फुकटच्या सर्व्हरवरून नाही.

नागपुरातल्या सदर भागातल्या एका कंत्राटदाराने पूरक करारावर अशीच साधी सही केली. पुढे यूएसबी टोकन (डीएससी ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं उपकरण) हरवलं, सर्टिफिकेट रद्द करावं लागलं. बिलाचा वाद पेटला तेव्हा समोरचा म्हणाला, सही सर्टिफिकेट रद्द झाल्यानंतरची आहे, तारीख घड्याळ फिरवून टाकली. कंत्राटदार माझ्याकडे आला, "भाऊ, आता मारून द्या ना टाइमस्टॅम्प!" आता मारला तर आजचीच वेळ येणार. ही फाइल आज अस्तित्वात आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं; आधी कधी होती ते नाही. शेवटी जुने ईमेल उकरून, सर्व्हरच्या नोंदी काढून बाजू मांडावी लागली. सहीच्या क्षणी ते दोन सेकंदांचं काम होतं. अ‍ॅक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये सिग्नेचर्सखाली डॉक्युमेंट टाइमस्टॅम्पिंग आहे. तिथे सर्व्हरचा पत्ता एकदा टाकून डिफॉल्ट करा. नवीन मशीन हातात आलं की मी आधी हेच करतो, मग यूएसबी टोकनचा ड्रायव्हर.

टाइमस्टॅम्प सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून "बंद आहे" असा फोन करू नका. ती वेबसाइट नाही; आरएफसी ३१६१ (टाइमस्टॅम्प मागण्याचं तांत्रिक मानक) च्या नमुन्यातली विनंती आली तरच तो सर्व्हर उत्तर देतो.

"आमचा गोपनीय कागद बाहेर जाईल" ही भीतीही सोडा. बाहेर जातो तो फक्त हॅश, आणि हॅशवरून मजकूर काढता येत नाही.

टाइमस्टॅम्प टोकनमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता केलेली सही तिथे ३१ मार्च, २०:३० दिसते. ही तारीख दाखवून काम जुन्या आर्थिक वर्षात ढकलायला निघालेले लोक मी पाहिलेत. पाच तास तीस मिनिटं मिळवा आणि मगच बोला.

टाइमस्टॅम्पचा शिक्का लावल्यावर पीडीएफ कॉम्प्रेस करू नका. नाव बदललं तर चालतं, आतला एक बाइट बदलला तरी हॅश जुळत नाही. वकिलाला पाठवायची घाई असली तरी मूळ फाइलच पाठवा.

दहा-पंधरा वर्षं जपायचे कागद असतील तर अथॉरिटीचं सर्टिफिकेटही संपतं हे लक्षात ठेवा. ते संपण्याआधी जुन्या शिक्क्यावर नवा शिक्का घ्यावा लागतो. संपण्याच्या तारखेची नोंद मी फाइलच्या फोल्डरमध्येच ठेवतो आणि सही झाल्यावर सिग्नेचर पॅनेल उघडून वेळ कुठून आली ते वाचल्याशिवाय फाइल बंद करत नाही.